मास्तरांच्या शिकण्याचे पैसे

नोकरीची बारा वर्षं झाली की शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, चोवीस झाली की निवडश्रेणीचा विचार होतो. दोन्हींना प्रशिक्षणाची अट आहे. २०२२ साली पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे प्रशिक्षण इन्फोसिसच्या ऑनलाइन व्यासपीठावरून दिलं आणि प्रत्येक शिक्षकाकडून त्याचे २,००० रुपये घेतले. राज्यभरातून नव्वद हजारांवर शिक्षकांनी नावं नोंदवली होती. म्हणजे एकट्या त्या फेरीत अठरा कोटींच्या आसपास रक्कम शिक्षकांच्या खिशातून गेली. पुढेही शुल्क राहिलंच. शिक्षकांनी ते भरलं, कारण न भरलं तर वेतनवाढ अडकते, आणि कायम नोकरीतल्या माणसाला २,००० रुपये काही जड नाहीत. पण खात्याने सक्तीचं केलेलं प्रशिक्षण त्याच खात्याकडून विकत घ्यायचं, हे तलाठ्याच्या किंवा पोलिसाच्या बाबतीत कोणी ऐकलं आहे का?

महाड आणि पोलादपूर या रायगडच्या दक्षिण टोकाच्या दोन तालुक्यांत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पैसा कुठून येतो, किती येतो आणि कुठे जिरतो, हे पाहायचं ठरवलं की पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘निधीला कात्री’ म्हटलं की अंदाजपत्रकातली खोडलेली ओळ डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे ओळ सहसा खोडली जात नाही. ती तशीच राहते. पैसे उशिरा येतात, अर्धे येतात, आणि उरलेला खर्च बोभाटा न होता दुसरीकडे सरकतो. कधी शिक्षकाच्या खिशाकडे, कधी मुलांच्या शाळेच्या दिवसांकडे, कधी वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या पदांकडे. या सरकण्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.

अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक मंडळं घरपट्टीसारख्या करातून स्वतःचा पैसा उभा करतात, त्यामुळे तिथे कपात झाली की गावसभेत भांडण होतं. आपल्याकडे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांच्या हाती दिल्या आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर त्या परिषदेकडे गेल्या. मात्र शिक्षकांचा पगार राज्य शासनाच्या तिजोरीतून येतो. जिल्हा परिषदेच्या हातात खऱ्या अर्थाने स्वतःचा असा फक्त सेसचा, म्हणजे स्थानिक उपकराचा, पैसा. रायगडला यात मुद्रांक शुल्कातल्या वाट्याचा मोठा आधार होता, कारण जमिनींचे मोठे व्यवहार जिल्ह्याच्या उत्तर भागात होतात. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि त्या बाजूची बरीच गावं परिषदेच्या हद्दीबाहेर गेली. उरलेल्या स्वनिधीतले वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी राखीव. त्यानंतर रस्ते, साकव, समाजमंदिरं. शिक्षणाच्या नावाने जे उरतं ते कौलं, पत्रे आणि स्वच्छतागृहांत जातं. गळणाऱ्या वर्गासाठी पैसे मागणारा सरपंच असतो. ‘आमच्या गुरुजींना गणिताचं चांगलं प्रशिक्षण द्या’ म्हणून अलिबागला जिल्हा परिषदेत निवेदन घेऊन जाणारा सरपंच अजून जन्माला यायचा आहे. त्यातच मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं परिषदेवर प्रशासक होता. शिक्षण समितीच नव्हती, तर तिथे विषय निघणार तरी कसा?

म्हणजे प्रशिक्षणाचा पैसा दिल्ली आणि मुंबईकडून येणार. तो येण्याची गोष्ट कोकणासाठी पहिल्यापासून जरा तिरपी आहे. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेले जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रात लातूर, नांदेड, परभणी, उस्मानाबाद, औरंगाबाद, पुढे बीड, जालना, धुळे, गडचिरोली. रायगड त्यात बसला नाही. निकष चुकीचा नव्हता. पण जिल्ह्याची सरासरी काढताना पनवेल-उरणची आकडेवारी पोलादपूरच्या खोऱ्यांवर पांघरूण घालते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मराठवाड्यातल्या शिक्षकांची एक अख्खी पिढी त्या कार्यक्रमात गटकार्य, कृतीयुक्त अध्यापन, साहित्यनिर्मिती शिकून बाहेर पडली. इथल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात ती लाट आली ती सर्व शिक्षा अभियानातून, काही वर्षं उशिरा.

सर्व शिक्षा अभियानाच्या मूळ चौकटीत प्रत्येक शिक्षकाला वर्षाला वीस दिवस सेवांतर्गत प्रशिक्षण होतं आणि त्यासाठी माणशी दिवसाला ७० रुपये. त्या सत्तरात दोन वेळचा चहा, जेवण, कागद-पेन, घटकसंच आणि मार्गदर्शकाचं मानधन. शिवाय वर्षाला ५०० रुपये शिक्षकाच्या हातात, शैक्षणिक साहित्य करण्यासाठी. या ५०० रुपयांची टिंगल खूप झाली. पुठ्ठे, स्केचपेन आणि थर्माकोल यातच ते जातात, असं म्हटलं जायचं. मला मात्र ती अभियानातली सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण काय घ्यायचं हे वर्गातला माणूस ठरवत होता. ती पुढे बंद झाली. शाळेचा पट तीस किंवा त्याखाली असेल तर आता वर्षाला १०,००० रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर, बाकीच्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती. पोलादपूरच्या वाड्यांवरच्या शाळांचा पट पाहिला तर बहुतेकींना हेच अनुदान लागू होतं. त्यातून शिक्षकाच्या पुस्तकासाठी शंभर रुपये काढायचे म्हटले तर वीजबिल थकतं.

अभियानात केंद्राचा वाटाही हळूहळू आकसत गेला. नवव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र-राज्य प्रमाण ८५:१५ होतं, दहाव्यात ७५:२५, पुढे ६५:३५, आणि २०१५-१६ पासून ६०:४०. २०१८ मध्ये सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा आणि शिक्षक-शिक्षण या तीन योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ झाली. एकत्रीकरणाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, यांचा पैसा १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजनेतून येत असे. आता तो त्याच थाळीत आहे जिथून गणवेश, पाठ्यपुस्तकं, वर्गखोल्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचं मानधन वाढायचं असतं. गणवेश मिळाला नाही तर पालक विचारतात. प्रशिक्षण झालं नाही तर कोणी विचारत नाही. उलट बरेच शिक्षक सुटकेचा श्वास टाकतात. शिवाय समग्रचा पैसा आता राजकारणाच्या दोरीलाही बांधला आहे. पीएम श्री योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून तमिळनाडूचे २०२४-२५ चे २,१५२ कोटी रुपये केंद्राने अडवले आणि ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्राने सही केलेली आहे, त्यामुळे ती वेळ आपल्यावर आली नाही. पण ४० टक्के राज्याने घालायचे असतात, आणि २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवल्यावर बाकीच्या खात्यांची ओढाताण होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हा पैसा पोलादपूरपर्यंत पोहोचतो तेव्हा काय होतं ते पाहू. रायगडचं डाएट पनवेलला, जिल्हा परिषद अलिबागला. पोलादपूरहून दोन्हीकडे जायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि मधला मुंबई-गोवा महामार्ग कित्येक वर्षं रुंद होतोच आहे. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर चाळीस किलोमीटरवर, पण तो सातारा जिल्हा. वार्षिक आराखडा दिल्लीत मंजूर होईपर्यंत शाळा सुरू झालेल्या असतात. पहिला हप्ता मुंबई-पुण्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला यायला दिवाळी उलटते. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा एकाच मध्यवर्ती खात्यातून चालतो; खालच्या पातळीवर शिल्लक राहतच नाही, मर्यादा दिली जाते, ती वेळेत वापरली नाही तर जाते. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र अर्थ असा की पूर्वी जे चार पैसे पुढच्या महिन्यासाठी राखता येत, तेही गेले. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्र येतं: अमुक प्रशिक्षण, अमुक दिवस, खर्च ३१ मार्चपूर्वी, उपयोगिता प्रमाणपत्र तात्काळ. २०२५ च्या सुरुवातीला ‘शिक्षक क्षमतावृद्धी २.०’ची सत्रं राज्यभर तालुक्या-तालुक्यात झाली, त्याचंही वेळापत्रक याच हंगामातलं. वर्षाची शिकवणी संपत आलेली असताना पुढच्या वर्षी काय करायचं ते शिकायचं, आणि मध्ये मे महिन्याची सुट्टी.

मुलांच्या दिवसांकडे खर्च सरकतो तो इथे. कोकणातल्या डोंगराळ तालुक्यात शाळा लहान असतात. गावातले तरुण मुंबई-सुरतला गेलेले, घरात आजी-आजोबा, शाळेत दहा-पंधरा मुलं, दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता. एक शिक्षक तालुक्याला प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि फोन. जिथे एकच शिक्षक उरला आहे तिथे शेजारच्या शाळेतून कोणाला तरी ‘कामगिरीवर’ पाठवतात, म्हणजे ती दुसरी शाळा एकशिक्षकी होते. बदली शिक्षक ही तरतूदच आपल्या रचनेत नाही. कुडपण किंवा कामथ्याच्या खोऱ्यातल्या शिक्षकाला सकाळी दहाला पोलादपुरात हजर व्हायचं तर एसटीच्या भरवशावर राहता येत नाही. दुचाकी, पेट्रोल स्वतःचं. प्रवासभत्ता मिळतो कधी, मिळत नाही कधी, आणि मिळाला तरी पुढच्या आर्थिक वर्षात. हे सगळं धरून प्रशिक्षणाच्या एका दिवसाची खरी किंमत काढली, तर कागदावरचा चहा-जेवणाचा खर्च त्यातला सर्वांत लहान भाग ठरेल.

इतकं करून तिथे मिळतं काय? माझा सर्वांत मोठा आक्षेप पैशांपेक्षा याच बाबतीत आहे. घटकसंच पुण्यात तयार होतात, आणि त्यात गृहीत धरलेला वर्ग एका इयत्तेचा, एका भाषेचा, तीस-चाळीस मुलांचा असतो. पोलादपूरच्या गुरुजींपुढे पहिलीची दोन, दुसरीतलं एक, तिसरीची चार आणि चौथीची तीन मुलं एकाच खोलीत बसलेली असतात. त्यांना बहुवर्ग अध्यापन शिकायचं आहे. कोणाला स्वयंअध्ययनाला लावायचं, कोणाला जवळ घ्यायचं, मोठ्या मुलाने लहानाला शिकवताना त्याचा स्वतःचा अभ्यास कसा बुडू द्यायचा नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीने यासाठी टप्प्याटप्प्याची कार्डं आणि शिडी अशी पद्धत कैक वर्षांपूर्वी तयार केली, ती दक्षिणेत हजारो शाळांत गेली. आपल्याकडे बहुवर्ग अध्यापन हे प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरचं, अर्ध्या तासाचं सत्र असतं.

कातकरी वाड्यांचं त्याहून अवघड. पाऊस संपला की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात. मुलं शाळेतून जातात आणि होळीच्या पुढे-मागे किंवा थेट जूनमध्ये परततात. घरची कातकरी बोली आणि पुस्तकातली मराठी यांतलं अंतर सांगली-बीडकडून आलेल्या नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी तर कळतच नाही. मूल गप्प बसतं आणि मास्तर त्याला मंद समजतो. महाड तालुक्यात खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या शिक्षकांना मराठीतले घटकसंच घेऊन बसवलं जातं आणि ‘तुम्ही तुमच्या भाषेत करून घ्या’ म्हणतात. आणि पूर. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथल्या दरडी, २०२१ च्या जुलैत तळिये, पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडी, महाड शहरात घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. अशा वर्षी शाळा निवाऱ्याच्या जागा होतात, आणि पंचनाम्यापासून अन्नवाटपापर्यंत शिक्षकच राबतात. घरातली माणसं गमावलेल्या मुलाशी पुन्हा शाळा भरल्यावर बोलायचं कसं, हे कोणत्या घटकसंचात आहे? जिल्ह्याला स्वतःचा विषय ठरवायचा अधिकार आणि थोडा मोकळा पैसा असता, तर दक्षिण रायगडने हा विषय पहिला निवडला असता.

ऑनलाइन हा यावरचा उपाय म्हणून आला. ‘दीक्षा’ ५ सप्टेंबर २०१७ पासून आहे. ‘निष्ठा’ हे ४२ लाख शिक्षकांचं प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि करोनात, ऑक्टोबर २०२० पासून, मोबाइलवर गेलं. प्रवास वाचला, शाळा बंद पडणं थांबलं, हे मान्य. पण पैसा वाचला म्हणजे सरकारचा. फोन शिक्षकाचा, रिचार्ज शिक्षकाचं, वेळ रात्री जेवणानंतरचा. सावित्रीच्या वरच्या खोऱ्यात रेंजसाठी मंदिराच्या माळावर जावं लागतं तिथे व्हिडिओ पुढे ढकलत नेणं, प्रश्नमंजुषेची उत्तरं गटावर आलेली टिपून घेणं आणि प्रमाणपत्र उतरवणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी उघड बोलत नाही. २०२० च्या धोरणाने वर्षाला पन्नास तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला. तासांची मोजणी ऑनलाइन सर्वांत सोपी, म्हणून तास तिथेच भरले जातात.

याची जुनी बाजूही सांगायला हवी. नोकरीतल्या शिक्षकाला स्वस्तात शिकतं ठेवायची महाराष्ट्रातली पहिली मोठी कल्पना १८६१ ची आहे, ‘मराठी शालापत्रक’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या देखरेखीखाली निघालेलं हे मासिक पुढे ‘जीवन शिक्षण’ झालं. त्यात पाठ कसा घ्यावा यापासून भूगोलाच्या नव्या माहितीपर्यंत सगळं असे, आणि ते खेड्यातल्या पंतोजीपर्यंत टपालाने पोहोचत होतं. नेट नसलेल्या वाडीवर ते आजही पोहोचू शकतं. कोठारी आयोगाने १९६६ साली दर पाच वर्षांच्या नोकरीमागे दोन-तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं होतं. पन्नास तासांशी त्याची तुलना करून पाहावी.

महाड-पोलादपूरच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसा जिथून गळतो ते ठिकाण मात्र प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात दिसतच नाही. ते म्हणजे आंतरजिल्हा बदली. कोकणातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. इथे जागा असतात, तिथे नसतात. पहिली काही वर्षं शिक्षणसेवक म्हणून (मानधन २०२३ च्या जानेवारीपर्यंत महिना ६,०००, आता १६,०००), मग इथली बोली, इथला पाऊस, इथले पालक कळायला आणखी थोडी वर्षं, आणि तो शिक्षक खऱ्या अर्थाने उपयोगाचा व्हायला लागतो तेव्हा त्याची बदली गावाकडे होते. त्यात त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. म्हातारे आईवडील चारशे मैलांवर असताना कोणीही जाईल. पण त्याच्यावर खर्च झालेलं प्रत्येक प्रशिक्षण त्याच्याबरोबर जातं. मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती थांबली आणि पवित्र पोर्टलमार्फत ती तुटकतुटक सुरू झाली, त्या काळात कोकणातून गेलेल्यांच्या जागी नवे आलेच नाहीत. २०२३ च्या जुलैत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर बोलावण्याचा निर्णय झाला तो याच रिकाम्या वर्गांसाठी. एक मात्र खरं, तीस वर्षं बहुवर्ग शाळा चालवलेल्या निवृत्त बाईंना वर्ग देण्यापेक्षा दोन नव्या शिक्षकांच्या शेजारी बसवलं असतं, तर तेच वीस हजार जास्त कामी आले असते.

मग करायचं काय, या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते नवं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्राने केंद्रशाळा योजना आणली. साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख; राज्यभरात ४,८६० पदं. कल्पना अशी की केंद्रप्रमुखाने शाळांवर जायचं, वर्गात बसायचं, पाठ पाहायचा, स्वतः घेऊन दाखवायचा, आणि महिन्यातून एकदा केंद्रातल्या सगळ्यांनी एकत्र जमायचं. पोलादपूरसारख्या तालुक्यासाठी याहून चांगली रचना सुचणार नाही: पनवेल लांब, पुणे त्याहून लांब, पण केंद्रशाळा दुचाकीच्या टप्प्यात. २०२३ मध्ये २,३८४ केंद्रप्रमुखांच्या पदांसाठी विभागीय परीक्षा जाहीर झाली आणि ती रखडली. पद रिकामं असलं की एखाद्या पदवीधर शिक्षकाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. त्याचा स्वतःचा वर्ग सुटतो, आणि इतरांच्या वर्गात बसायला त्याला वेळ नसतो, कारण यू-डायस, आधार, अपार, पोषण आहार यांची माहिती ‘आज सायंकाळपर्यंत’ हवी असते. मासिक शिक्षण परिषदेचंही तेच होतं. एक आदर्श पाठ होतो, चांगलाही असतो. मग राहिलेला सगळा वेळ कोणत्या शाळेची कोणती माहिती प्रलंबित आहे याची यादी वाचण्यात जातो.

केनियाने २०१५ पासून ‘तुसोमे’ हा वाचनाचा कार्यक्रम देशभर नेला. तिथेही केंद्रप्रमुखांसारखे अधिकारी होते आणि तेही कागदात अडकलेले होते. त्यांना एक टॅबलेट दिला, वर्गात बसून काय पाहायचं ते ठरवून दिलं, आणि भेटीची नोंद झाली की त्या भेटीचा प्रवासखर्च हातात ठेवला. भेटी वाढल्या, मुलांचं वाचन सुधारलं. पैसा अमेरिकेच्या मदतसंस्थेचा होता आणि ती संस्था २०२५ मध्ये गुंडाळली गेली, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. पण एका केंद्रप्रमुखाच्या महिन्याच्या पेट्रोलला किती लागतं? रायगड जिल्हा परिषदेला सेसमधून दोन तालुक्यांचं हे पेट्रोल झेपणार नाही, असं कोणी म्हणू नये.

दूरचं नको असेल तर घाटापलीकडचं पाहावं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर वाचत, चर्चा करत, ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. २०१५ च्या जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला त्याच्या आसपास राज्यभरातून शिक्षक तिथे गाड्या करून जात होते, कित्येक जण स्वतःच्या खर्चाने. कुमठ्याची नक्कल करताना अनेकांनी जमिनीवर तक्ते रंगवले आणि विचार तिथेच ठेवून आले, हेही खरं. तरी शिक्षक स्वतः पैसे घालून कुठे जातात आणि कुठे सही करून पळतात, यातून प्रशिक्षण आखणाऱ्याने काही शिकायला हरकत नाही. पालघरच्या वाडा तालुक्यातलं नीलेश निमकर यांचं ‘क्वेस्ट’, फलटणची मॅक्सीन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था, ही मंडळी भाषाशिक्षणावर वर्षानुवर्षं काम करत आली आहेत. माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, महाडपासून जवळ, निवासी शिबिरांची सोय असलेलं. पनवेलला जाण्यापेक्षा ते कितीतरी सोयीचं.

प्रशिक्षणावर पैसे घालावेत का, अशी शंका घेणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. अमेरिकेतल्या टीएनटीपी या संस्थेने २०१५ मध्ये तीन मोठ्या शालेय जिल्ह्यांची पाहणी केली. शिक्षकामागे वर्षाला सरासरी जवळपास १८,००० डॉलर खर्च होत होते आणि दहापैकी तिघांच्याच कामात ठळक सुधारणा दिसली. चीनच्या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की मुलांच्या गुणांवर परिणाम शून्य. मजकूर अतितात्त्विक आणि देण्याची रीत व्याख्यानाची. हे वाचून महाडच्या कोणाही शिक्षकाला नवल वाटणार नाही. पण यावरून तिजोरी बंद करणं हा उलटा निष्कर्ष झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये शिक्षक प्रशिक्षणाचे सुमारे २.२ अब्ज डॉलर काही आठवडे रोखून धरले, तेव्हा धोक्यात आले त्यांत वर्गात जाऊन मदत करणारे मार्गदर्शकही होते. व्याख्यानं चालूच राहतात, ती स्वस्त असतात. आपल्याकडे केंद्रप्रमुख आणि कंत्राटी साधनव्यक्ती यांचं तेच होतं.

शिक्षकांखेरीज शाळेत जी माणसं असतात त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण केलेलंच फार नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना महिना २,५०० रुपये मानधन. आग, गॅस, स्वच्छता याचं प्रशिक्षण झालंच तर एखाद्या दिवसाचं, आणि त्या दिवशी शाळेत जेवण कोण शिजवणार हा प्रश्न असतोच. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत शिपायाचं पदच ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने भत्त्यावर आलं, ग्रामीण भागात महिना ५,०००. ज्याला कायम ठेवायचंच नाही त्याला शिकवायचं कशाला, असा विचार असावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांना कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालायचे असतात. शाळांना त्यातून बाकं, पाण्याची यंत्रं, डिजिटल फळे मिळतात आणि त्यावर कंपनीचं नाव रंगवता येतं. बिरवाडी परिसरातल्या एखाद्या कंपनीने दोन केंद्रांच्या शिक्षकांचा वाचनगट तीन वर्षं चालवला, तर नाव कुठे रंगवणार? हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही. फळ्यापेक्षा माणसावर पैसे घालायला देणाऱ्याला काहीतरी दाखवता आलं पाहिजे, आणि ते दाखवण्याची सोय डाएटने करून द्यायला हवी.

आता यात नवी भर पडली आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनही गेलेल्या याचिकांवर निकाल देताना, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक ठरवलं. शिक्षण हक्क कायद्याआधी नोकरीला लागलेले, चाळिशी-पन्नाशीतले गुरुजी आणि बाई आता दीडशे गुणांच्या पेपरची पुस्तकं घेऊन बसले आहेत. पुस्तकं, क्लास, परीक्षा शुल्क, सगळं स्वतःचं. संघटनांनी मोर्चे काढले, फेरविचाराची मागणी केली. ती मागणी समजण्यासारखी आहे. पण त्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र आहे, भाषा आहे, गणित आणि परिसर आहे. वर्षाच्या पन्नास तासांत नेमकं हेच केंद्रशाळेवर, दहा-बारा जणांच्या गटात, डाएटच्या एखाद्या अधिव्याख्यात्याला महिन्यातून दोनदा महाडला पाठवून करता येईल. तास भरतील, परीक्षेची तयारी होईल, आणि शिक्षण परिषदेत प्रलंबित माहितीच्या यादीखेरीज बोलायला विषय मिळेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही. अलिबागहून एक पत्र आणि प्रवासभत्त्याची तरतूद लागते. निकालाची दोन वर्षांची मुदत ऑगस्ट २०२७ अखेर संपते.